बसती उंची

माणूस उभा मोजतो तो शिंपी.
मी बसलेला मोजतो.
अंबडला, वजनकाट्याच्या मागच्या गल्लीत माझं शेड आहे.
ग्राइंडर सुरू असला की हाक ऐकू येत नाही,
पत्र्यावर खडा मारावा लागतो.

सोनगिऱ्यांनी तसाच मारला होता, नऊ वर्षं झाली.
सिडको, पाचवी स्कीम, एक खोली नि किचन,
त्यात चार माणसं, शिलाई मशीन, गव्हाची कोठी.
म्हणाले, पोरगी आठवीत गेली,
तिला स्वतःचं दार हवंय.
दार कुठून आणू? मधे भिंतच नाही.
उंचावर पलंग करून द्या, म्हणजे झालं.

स्लॅब आठ फूट दहा.
खाली सोनगिरे ताठ उभे राहिले पाहिजेत;
सातपूरला रात्रपाळी करून आलेल्या माणसाला
घरात तरी वाकायला लावू नये.
म्हणून पाच फूट नऊवर चौकट.
गादी तीन इंच.
उरले चौतीस.

हर्षालीला पाटावर बसवली, पाठ भिंतीला,
डोक्यावर गुण्या टेकवला.
तीस भरली.
विचारते कशी, काका, मी वाढले तर?
म्हटलं, शिंपी फ्रॉकला आत कापड दुमडून ठेवतो ना,
तसे चार इंच ठेवलेत तुझ्यासाठी.

दीड बाय दीडचा पाईप, सोळा गेज,
रेड ऑक्साइडचे दोन हात
आणि वर तिने हट्टाने निवडलेला पोपटी.
शिडी सरळ उभी, गोल सळीच्या पायऱ्या,
पोरांचे पाय, चालून जातं.
छताचा पंखा उतरवून भिंतीवर गेला.
खाली टेबल, टेबलाखाली कोठी.
खालचा गहू दर उन्हाळ्यात नवा झाला,
वर पोरगी दहावी झाली, डिप्लोमा झाली,
चाकणला लागली.

परवा पुन्हा पत्रा वाजला.
वहिनी, एकट्याच.
पवननगरच्या बाजारातून तशाच आलेल्या,
पिशवीतून मेथी डोकावत होती.
मला वाटलं, पलंग काढायचा असेल.
भंगाराचा भाव मी मनात मांडलासुद्धा.

म्हणाल्या, शिडी बदलून द्या.
सळ्या तळव्याला रुततात.
पायऱ्या पसरट हव्यात, धरायला कठडा हवा.
कोणासाठी, मी विचारलं.
मेथी आत ढकलत राहिल्या थोडा वेळ.

दुपारची मी असते वर.
खाली आडवं झालं की कोणी ना कोणी ओलांडून जातं.
लग्न झाल्यापासून मी वाटेतच झोपले, भाऊ.
वर हात पोचत नाही कोणाचा.
हाक पोचते.
पण तिला मी लगेच ओ देत नाही.

शिडीचंच काम, मोजायची गरज नव्हती खरं तर.
तरी घरी गेल्यावर म्हटलं, बसा वर.
मी स्टुलावर चढलो, टेप सोडला.
एकतीस.
वहिनी, सरळ बसा.
सरळच बसलेय की.
पाठ लावा भिंतीला.
वेळ लागला.
ओमीचा मोबाइल खाली वाजून वाजून थांबला,
तेवढा.

तेहतीस.
डोक्यावर एक इंच मोकळा,
पोरीसाठी ठेवलेल्या चारांतला.

तिथून त्यांना कपाटाचा माथा दिसत होता:
बोटभर धूळ, बॅडमिंटनचं एक पिसं गेलेलं फूल,
आणि मोदकपात्राचं झाकण,
जे त्या तीन गणपती शोधत होत्या.
पुसून घ्यायला हवं, म्हणाल्या,
आणि उठल्या नाहीत.

मी वहीत लिहिलं: पायऱ्या पाच, रुंदी सहा इंच,
कठडा उजव्या हाताला.
रंग विचारायचा राहिला.
ॲडव्हान्सही.