अर्धी गोळी

सुकट जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसला,
तेव्हा मला वाटलं, वय झालं.
अकरा वर्षांचा कुत्रा, माझ्यासारखाच निवृत्त.
घणसोलीच्या डॉक्टर मुकादमबाईंनी त्याचा ओठ उचलला,
हिरडीवर अंगठा दाबला.
अंगठा काढल्यावर लाली परत यायला
फार वेळ लागला.
मीही मनातल्या मनात मोजत होतो.

"शी काळी होते का?"
नाही. रोजच्यासारखी.
"मग न दिसणारं बघू."

तीन दिवस मासळी बंद. मटण बंद, कलेजी बंद.
सुकट नावाच्या कुत्र्याला सुकट बंद.
नाहीतर जेवणातलंच रक्त कागदावर उमटतं
आणि आपण उगाच घाबरतो.
बेबीने दहीभात कालवला. त्याने ताटलीकडे पाहिलं,
मग बेबीकडे,
मग उंबऱ्यावर तोंड फिरवून निजला.
त्या तीन दिवसांत आमच्याही घरात
कुणी बोंबील भाजला नाही. वासाचं काय करणार.

तीन सकाळी मी त्याच्यामागे,
तळ्याच्या कडेने, हातात आइस्क्रीमची काडी,
खिशात रिकामी डबी.
गोठिवलीत मला सगळे ओळखतात,
गावकीचा हिशोब बारा वर्षं माझ्याकडे होता.
हसुराम पाटील कुत्र्याच्या मागे वाकून काय शोधतोय,
हे विचारायला एक रिक्षा थांबली.
"सोनं," मी म्हणालो.

कार्ड पुठ्ठ्याचं, काडेपेटीएवढं.
खिडकीत मोहरीएवढा लेप,
उलट्या बाजूने दोन थेंब.
डॉक्टर घड्याळाकडे बघत होत्या, मी कागदाकडे.

एकतीस वर्षं मी पावण्याला रंगाच्या कंपनीत होतो.
निळा मला कुणी शिकवायचा नाही.
चिमटीत भुकटी धरून सांगायचो,
हा चादरीचा, हा गणवेशाचा, हा बॉलपेनचा.
नखांतून निघायला रविवार पुरायचा नाही.
नाला कधी निळा, कधी जांभळा जायचा खाडीकडे
आणि खाडीतून बेबीचा भाऊ
रिकामं जाळं खांद्यावर टाकून यायचा.
आम्ही त्यावर बोलायचो नाही. पगार वेळेवर व्हायचा.

हा निळा मी कधी बनवला नव्हता.
थेंबाच्या कडेने फुटला,
थोडा पसरला,
थांबला.

"एका कार्डावर मी काही ठरवत नाही," बाई म्हणाल्या,
"पण तिन्ही निळी आहेत."
मग चष्मा काढून, "घरी कुठलं औषध देता?"
नाही, मी म्हणालो.
बेबी काही बोलली नाही.
तिने फक्त माझ्या गुडघ्याकडे पाहिलं.

थंडीपासून तो लंगडायचा.
रात्री नऊला मी माझी गोळी काढली की समोर येऊन बसायचा.
सुरीने मधोमध तोडायचो,
अर्धी मला, अर्धी लोण्यात घोळवून त्याला.
दुखणं एक, तर औषध एक.
सकाळी तो बरा चालायचा.
शपथ सांगतो, बरा चालायचा.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी गोळीचं नाव विचारलं, वहीत लिहिलं,
आणि लिहिता लिहिताच,
"उपाशीपोटी घेता का?"
"तो?"
"तुम्ही."

आज एकोणिसावा दिवस.
त्याला पातळ औषध, जेवणाआधी, सिरिंजने गालाच्या फटीत.
सोमवारी पुन्हा डबी, पुन्हा काडी.
हिरड्या रोज बघतो. गुलाबी म्हणवत नाही अजून,
पांढऱ्या मात्र नाहीत.
माणसांच्या डॉक्टरकडची माझी चिठ्ठी
फ्रिजवर आहे, चुंबकाखाली. बेबी रोज ती सरळ करते.

रात्री नऊला तो सवयीने येतो.
लोणी मी नुसतंच देतो.
चाटून संपलं तरी बोटं हुंगत राहतो,
अर्धं काहीतरी
अजून यायचंय म्हणून.