निळी झाडं

हार्लेमच्या संग्रहालयात, वरच्या मजल्यावर
हिल्ट्ये फ्रेमचे खिळे उपसते.
चित्रात कालवा, तीन गाई,
काठाला झाडं. निळी.

मुळात निळी नव्हती.
साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी
वाउची रोपं उकळली, तुरटी टाकली, खडू कालवला,
तळाशी बसला तो पिवळा गाळ
वाळवला, तेलात घोटला,
निळ्यावरून पातळ फिरवला
आणि पानं हिरवी झाली.

पिवळा कच्चा निघाला.
खिडकीतून रोज जरासं ऊन यायचं,
जाताना जरासं पिवळं घेऊन जायचं.
निळा दगड कुटून केलेला. तो राहिला.

रंगवाले अशा रंगांना लेक म्हणतात.
शब्द लाखेवरून गेलेला,
मुलूख फिरून आला तो असा.
मी सांगितलं, आमच्यात लेक म्हणजे मुलगी.
हिल्ट्ये म्हणाली, माझी ग्रोनिंगेनला असते,
रविवारी फोन करते.

तिच्या खिडकीत पुठ्ठ्यावर पट्ट्या,
अर्ध्या काळ्या कागदाखाली, अर्ध्या उघड्या,
अकरा सालापासून.
जेरेनियम लाल एका उन्हाळ्यात गेला.
मंजिष्ठा धरून आहे, नुसती फिकटली.
क्विनाक्रिडोन जसाच्या तसा.
आणि कारखान्यातला तो थॅलो निळा,
टाचणीच्या टोकाएवढा घ्या,
वाटीभर पांढऱ्याला पुरून उरतो;
नखात शिरला की आठवडाभर
भाकर तोडतानाही दिसतो.

पहारेकरी वुब्बो चौतीस वर्षं
या चित्रासमोरच्या खुर्चीत बसला.
झाडांचं त्याला कधी नवल वाटलं नाही.
मला वाटायचं, तो म्हणतो,
तिन्हीसांजा झाल्यात,
गाई घरी निघाल्यात.

शेवटचा खिळा. फ्रेम सुटते.
लाकडाच्या खोबणीखाली, कडेकडेनं,
बोटभर पट्टी
जिला कधी उजेड लागलाच नाही.
हिरवी. हात लावला तर ओला होईल अशी.
त्यात एक अर्धी फांदी,
थोडं गवत, शेपटीचा गोंडा.

वुब्बो चष्मा वर करून वाकतो.
बराच वेळ वाकलेलाच.
मग म्हणतो, म्हणजे दुपार होती.

हिल्ट्ये फोटो घेते,
काळं फडकं उचलते.
थांब, तो म्हणतो, एक मिनिट.

ती घड्याळात बघते.
मिनिटभर पिवळं
उडू देते.