नमुना

डबी सकाळी नऊच्या आत द्या, म्हणाल्या डॉक्टर मोमीन.
रुमालात गुंडाळली, वर पिशवी, वर जेवणाच्या डब्याची थैली,
सायकलला लटकवून निघालो साखर पेठेतून,
खड्डे चुकवत,
आत जणू बायकोचं डोरलं आहे.

अठ्ठावीस वर्षं यंत्रमागावर.
चौदा मागांच्या खडखडाटात ताण्याचा एक धागा तुटला
तर मला पाठमोरं कळतं.
पोटातला कधी तुटला, नाही कळलं.
ताप आला, गोळ्या. घसा धरला, गोळ्या.
गड्ड्याच्या जत्रेत भजी बाधली, त्याच गोळ्या,
मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागायचा नाही.
दर वेळी दोन दिवसांत बरा.

मग एका सकाळी रक्त.

डॉक्टरांनी कागदाच्या पाठीवर रेघ ओढली: ही आतड्याची भिंत,
एका पेशीची, बास.
अलीकडे ठिपके, ठिपके, पेन थांबेना.
पलीकडे पहारेकरी.
"हे ठिपके फुकटे नाहीत, राजेशम.
कुणावर धावायचं, कुणाला जाऊ द्यायचं,
हे पहारेकऱ्याला तेच शिकवतात. लहानपणापासून.
तुम्ही त्यातले बरेच मारलेत."

मला इरप्पा आठवला, आमच्या कारखान्याच्या गेटवरचा.
वही नाही, पास नाही.
अंधारात खोकल्यावरून माणूस ओळखायचा.
मालकानं एका महिन्यात तिन्ही पाळ्यांची माणसं बदलली
आणि इरप्पा रात्र रात्र शिट्ट्या फुंकत राहिला.
एका पहाटे त्यानं काठी घातली
ती मालकाच्याच पोराच्या खांद्यावर.
त्याला काढला. जाताना म्हणाला,
तोंडंच राहिली नाहीत ओळखीची, मी काय करू.

तेव्हा आम्ही हसलो होतो.

सुगुणा आता ज्वारीची अंबली आंबवते, तिच्या आईच्या मडक्यात.
"प्या," म्हणाल्या डॉक्टर, "पण ते औषध नव्हे.
औषध मी लिहिलंय ते. मधेच सोडायचं नाही."
वर्षभर तरी. कदाचित जास्त.
मडक्यावरचं फडकं रात्री थोडं फुगतं.
मी दिवा न लावता बघतो.

लॅबच्या खिडकीत मुलगी, पेन दातात.
नाव?
राजेशम यमूल. वय एकावन्न.
ती लेबलावर एकट्या माझं नाव लिहिते,
डबी उजेडाकडे धरते,
आणि अगदी सावकाश, कुणाला धक्का लागू नये तशी,
ट्रेमध्ये ठेवते.