लेटमार्क

अंगठ्याचं यंत्र काढून टाकलंय.
भिंतीवर चार स्क्रूंची भोकं आणि एक फिका चौकोन.
म्हणून पुन्हा रजिस्टर, लाल कापडी पुठ्ठ्याचं,
दांडिया बाजारातून मीच आणलं
आणि नावं लिहायला बसले, एकापासून.

सत्तेचाळीसपाशी पेन थांबलं.
शेलतसाहेब म्हणाले, सोमवारी नवा मुलगा येतोय,
नंबर रिकामा कशाला ठेवायचा?
म्हटलं, शाई सुकली, साहेब.
झटकून अठ्ठेचाळीस लिहिलं.

मकरपुऱ्यातला आमचा कारखाना लहान.
तांब्याची तार गुंडाळायची, वेढे बोटांनी मोजायचे,
तोंडाने मात्र क्रिकेट, जावयाची नोकरी, भेंड्याचा भाव.
आता जमिनीवर पिवळे पट्टे, सहा-सहा फुटांवर,
आणि माणसं वेढे मोठ्याने मोजतात.

हेडऑफिसहून फॉर्म आले.
सध्या तुम्हाला कसं वाटतं? एक ते पाच.
आकड्यांखाली गोल चेहरे, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत.
याकूबभाईंनी सगळीकडे हसराच निवडला,
‘भरायचा तर चांगला भरावा, बेन.’
कॅन्टीनच्या कोकिळाबेननी विचारलं,
आकडा माझा लिहू की घरचा?
फणसेंनी कोराच परत दिला.
घडी इतकी नीट घातलेली
की उलगडायला नको वाटलं.

दिगंबर फणसे. वाइंडिंग, तिकीट एकतीस.
तेवीस वर्षांत एक लेटमार्क नाही.
भोंगा आठ चाळीसचा. ते साडेआठलाच येतात
आणि नऊपर्यंत स्कूटरवर बसून राहतात,
स्टँड लावून, हेल्मेट न काढता.
माझ्या खिडकीतून दिसतं.

पहिल्या दिवशी मी लाल पेन उचललं.
दुसऱ्या दिवशी उचललं, ठेवलं.
तिसऱ्या दिवशी दोन चहा घेऊन खाली गेले.
काही विचारलं नाही.
कडुनिंबावर एक खार वरखाली करत होती,
ती आम्ही पाहिली, बराच वेळ, जणू त्याचाच पगार मिळतो.

मग तेच म्हणाले, कॉम्प्रेसर.
फुस्स, थांबतो. फुस्स, थांबतो.
घरी भाड्याचं यंत्र होतं ना, तेही असंच.
अकरा रात्री चाललं.
बाराव्या रात्री मीच बंद केलं,
आता त्याचा उपयोग नव्हता म्हणून.
बटण उजव्या बाजूला होतं.

आग लागली तर काय करायचं, शिकवलंय मला.
कापलं तर, भाजलं तर, शॉक बसला तर.
मी दोन्ही कप उचलले
आणि सरळ शेलतसाहेबांच्या केबिनमध्ये गेले, न ठोठावता.

ते आधी खर्चाचं बोलले. चाळीस फूट पाइप, मजुरी,
दाब कमी होईल तो वेगळाच.
मग मास्क खाली ओढून पाणी प्यायले.
मिशी पांढरी झालीय त्यांची. मला माहीत नव्हतं.
म्हणाले, रविवारी दोन फिटर बोलवा.
बोर्डावर काही लावू नका.

कॉम्प्रेसर आता मागच्या शेडमध्ये आहे.
कान दिला तर ऐकू येतो अजून.
फणसे कधी आठ चाळीसला आत असतात, कधी नऊला.
मंगळवारी वेढे मोजता मोजता चुकले
आणि स्वतःशीच हसले, असं याकूबभाई सांगत होते.
मी पाहिलं नाही.

माझा फॉर्म खणातच आहे.
गुरुवारी कॅन्टीनला सेव-उसळ असते.
माझ्या समोरच्या खुर्चीवर फुलीचं स्टिकर चिकटवलंय,
सुरक्षित अंतरासाठी.
तिथे सत्तेचाळीस नंबर बसायचा, हसमुख वाळंद,
माझ्या वाटणीची तरी आपल्या ताटात ओतून घेणारा.
मला तिखट सोसत नाही, कोकिळाबेनना ठाऊक आहे.
पळी हातात धरून त्या विचारतात,
तरी वाढू?

वाढा, म्हणते.