सत्त्याऐंशी

पुस्तकात लिहिलंय शंभर.
अकरा वर्षं मीही फळ्यावर शंभरच लिहीत आले,
खडू न अडखळता.
यंदा ओरुरोहून एक खोकं आलं:
दोन परीक्षानळ्या, त्यातली एक वाटेतच फुटलेली,
एक भिंग, आणि भुश्शात पुरलेला तापमापक.
म्हटलं, चला, एकदा डोळ्यांनी बघून घेऊ.

शेगडीवर पातेलं,
भोवती सतरा लोकरी टोप्या, कानपट्ट्या लोंबणाऱ्या.
पाणी आधी कुजबुजलं, मग तळाशी मोती,
मग खदखदायला लागलं.
लाल रेघ चढत चढत गेली
आणि सत्त्याऐंशीवर बसली.
जास्त ओझं लादल्यावर लामा बसतो तशी,
बसली ती बसलीच.

मी गॅस मोठा केला.
पाणी उतू गेलं, रेघ हलली नाही.
"बाई, तुमचं यंत्र बिघडलंय," लिम्बेर्त म्हणाला.
खरं सांगते, मलाही तेच वाटलं.
पुस्तकाकडे बोट दाखवून विषय मिटवता आला असता.
घंटेला पाचच मिनिटं होती.

नाइरा फारशी बोलत नाही.
ती उठली, मेंढ्यांच्या कुंडापाशी गेली
आणि रात्री गोठलेला बर्फ टोपीत भरून घेऊन आली.
"ह्याच्यात बुडवा.
खोटं बोलायची सवय असेल तर इथेही बोलेल."
बर्फ कुटता कुटता सगळ्यांची बोटं बधिर.
रेघ उतरली.
शून्य.
ना वर, ना खाली.

मग खोटं कोण बोलतंय?
घंटा झाली, तरी कुणी उठेना.

दोन तिबुर्सिओ पंधरवड्याला ट्रक घेऊन
अरिकाला जातो, थेट बंदरापर्यंत.
मुलांनी तापमापक मोज्यात घालून त्याच्या हाती दिला,
शपथ घातली:
जिथे जिथे चहाला थांबशील, तिथे बुडव.
तो हसला. तीस वर्षांत लोकांनी त्याच्याकडून
टायर मागवले, नवरीचे बूट मागवले,
पाण्याचा ताप कुणी मागवला नव्हता.

नऊ दिवसांनी आला.
सिगारेटच्या पाकिटावर, ग्रीसच्या ठशांमधून,
वाकडी अक्षरं:
पुत्रे, अठ्ठ्याऐंशी.
घाटातली टपरी, नाव वाचता येईना, त्र्याण्णव.
अरिका, शंभर.

सतरा डोकी एका पाकिटावर.
"म्हणजे," लिम्बेर्त सावकाश म्हणाला,
"पुस्तक समुद्रावर बसून लिहिलंय."

समुद्र ह्यांच्यातल्या एकानेही पाहिलेला नाही.
दर मार्चमध्ये आम्ही रांगेत उभं राहून
त्याच्या नावाने गाणं म्हणतो,
परत न आलेल्या माणसासाठी म्हणावं तसं.
आता प्रत्येकाच्या वहीत त्याचा एक आकडा आहे.
खाली, रेघ मारून, आमचा.

मग कुणाला तरी बटाटे आठवले.
घरचे बटाटे तास तास का शिजत राहतात,
आई चुलीपाशी बसल्या बसल्या डुलक्या का घेते,
मामा अरिकाहून आला की का म्हणतो
की तिथे जेवण झटकन होतं.
दहाजण एकदम बोलत होते.
मी कुणालाही गप्प केलं नाही.

नोव्हेंबरात वरून प्रश्नपत्रिका आली.
वरून म्हणजे राजधानीतून,
खरं तर आमच्यापेक्षा तीनशे मीटर खालून.
प्रश्न चौथा, एक गुण:
पाणी किती अंशांना उकळतं?

बाकीच्यांनी शंभर लिहिलं, शहाणी मुलं,
कुणाला काय हवं असतं ते त्यांना कळतं.
लिम्बेर्तने दोन्ही लिहिले, मध्ये तिरकी रेघ.
नाइराने रिकाम्या जागेत एकच शब्द लिहिला:
कुठलं?

तिची उत्तरपत्रिका अजून टेबलावर आहे.
लाल पेनाचं टोपण काढून कितीतरी वेळ झाला.
मागे चहाचं पाणी उकळतंय.
उठायला हवं.