फ्यूजच्या पेटीवरची अक्षरं

डॉमिनिक, तू घर घेतोयस म्हणून सांगते.
मावशीचं ऐकून कुणी शहाणं झालेलं नाही,
पण कॉफी अजून गरम आहे, बस.

आधी तळघरात उतर.
स्वयंपाकघरातल्या फरश्या नंतर,
आणि खिडकीतला मेपल तर बघूच नकोस.
त्याचीच मुळं
अंगणाखालच्या मातीच्या पाइपात शिरलेली असतात,
आणि पहिल्या थँक्सगिव्हिंगला, ताटं मांडल्यावर,
सगळं तुंबून वर येतं.
मला ते झाड चार हजार डॉलरला पडलं.
सावली छान देतं अजून.

वर्षाचे बारा महिने धरू नकोस.
अकरा धर. एखाद्या वर्षी नऊ.
बॉयलर मरतो तो जानेवारीत,
रविवारी रात्री.

नॉर्थ हिलच्या त्या दुमजली घरात
पहिला भाडेकरू मी ट्रक बघून निवडला.
ब्रेंट. हात मिळवला की बोटं दुखायची.
तीन महिन्यांनी ट्रक गेला, ब्रेंट गेला,
न्हाणीघराचं दारही गेलं.
दार कशाला नेलं असेल,
याचा मी अजून विचार करते.

मग व्हर्लीन. इस्पितळात रात्रपाळी,
गाडीचा एक आरसा चिकटपट्टीनं धरलेला.
एक तारखेला पाकीट. कधी चार तारखेला,
पण मग तीसलाच फोन: "चारला देते."
एवढं लक्षात ठेव,
उशीर करणारा वाईट नसतो,
न सांगता करणारा वाईट.

सहा वर्षं.
सातव्या वर्षी कुणी तरी म्हणालं,
बाजारात तुझ्यापेक्षा सव्वाशे जास्त मिळतात.
मी कागदावर बारानं गुणलं.
पंधराशे!
आनंदानं रात्रभर डोळा लागला नाही.
व्हर्लीननं नोटीस वाचली, घडी घातली,
म्हणाली, "बरं."
भांडली असती तर मी पन्नासवर आले असते.

डिसेंबर रिकामा. जानेवारी रिकामा.
ओसाड घर थंडीला लवकर सापडतं.
गॅस वाचवायला मीच तापमान खाली केलेलं;
वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला
आणि छत खाली उतरून
दिवाणखान्यात बसलं, पाहुण्यासारखं.
तो गुणाकाराचा कागद
अजून फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.

टॉर्च घेऊन तळघरात धावले.
पेटी उघडली.
नऊ वर्षं घर माझ्या नावावर,
आणि कुठला खटका कुठल्या खोलीचा
हे मला ठाऊक नव्हतं.
तिथं पांढऱ्या पट्ट्या, बॉलपेनची तिरकी अक्षरं:
'स्वयंपाकघर, पण फ्रिज नाही.'
'मागचा जिना.'
'वरचा हीटर. मायक्रोवेव्हबरोबर लावू नका.'
'हा कशाचा, देव जाणे.'
खाली मुख्य नळाकडे एक बाण:
'उजवीकडे फिरवा. जोर लावा. ऐकतो तो.'

मी जोर लावला.
ऐकलं त्यानं.

तिच्या अनामत रकमेतले नव्वद डॉलर
मी कापले होते, गालिच्यावरच्या डागापायी.
गालिचा भिजून कचऱ्यात गेला, डागासकट.
चेक पाठवला. तिनं वटवला.
फोन नाही, चिठ्ठी नाही.
बरोबरच आहे.

आता तिथं टीकाराम अधिकारींचं कुटुंब राहतं,
छावणीत अठरा वर्षं काढून अ‍ॅक्रनला आलेलं.
मेपलच्या सावलीबाहेर त्यांनी मोहरी पेरलीय,
आधी विचारून.
भाडं? बाजाराहून थोडं कमी.
तू हसशील, हस.

परवा बॉयलर बघायला गेले होते.
व्हर्लीनच्या प्रत्येक पट्टीखाली
त्यांच्या मुलीनं आपल्या लिपीत तेच लिहिलंय,
वरून रेघ मारून, अक्षरं जणू दोरीवर वाळत घातलेली.
मला वाचता येत नाही.
पण 'देव जाणे'च्या खाली
तिनं छोटासा बल्ब काढलाय, आणि पायऱ्या.
पोर्चचा दिवा निघाला तो.
मी इतकी वर्षं समजत होते, जळालाय.