वाकायचं नाही

अकराव्या दिवशी
सुईत दोरा ओवायला मान खाली घातली
आणि सुलक्षा देसायच्या मोतिया ब्लाउजवर
टप्पकन एक थेंब.

घाम नव्हे. रडत तर नव्हतेच.
उजव्या नाकपुडीतून,
नळ पुरता न पिळल्यासारखा,
आणि घशामागे नाणं चोखल्याची खारट चव.

सर्दीच, म्हणाले घरचे.
सायनसचं ऑपरेशन झालंय, वाहणारच.
शेजारच्या पिएदादने आल्या-मिऱ्याचा काढा आणला,
तो प्यायले, वाया कशाला घालवा.
पण वीस वर्षं केप्याच्या बाजारात शिवतेय मी,
कापडाचं मला कळतं:
सर्दीचा रुमाल सुकला की
खळ दिल्यासारखा कडक होतो.
हा मऊच राहिला.

कदंबच्या खिडकीशी मान ताठ धरून
मडगाव, मग बांबोळी.
पोरसवदा डॉक्टरणीने मला पुढे वाकवलं,
नाकाखाली काचेची नळी धरली.
अर्धा तास आम्ही दोघी
काही न बोलता एका थेंबाची वाट पाहत होतो,
मग दुसऱ्याची.

मावशी, म्हणाली, हे नाकातलं नाही.
मेंदू ज्यात तरंगतो, ते पाणी.
वरचं हाड कागदाएवढं असतं,
कुठेतरी चीर गेली असेल.

सही मीच केली होती त्या फॉर्मवर.
‘क्वचित’ असं छापलेलं आठवतं.
गळ्यात इंचटेप असते माझ्या दिवसभर,
तरी विचारलं नाही,
क्वचित म्हणजे किती इंच?

टाका घालणार का?
टाका नाही, ठिगळ. मांडीतला पातळ पडदा काढून
नाकातून आत लावू.
घरचंच कापड, म्हटलं, बरं झालं, रंग जुळेल.
ती हसली, मी नाही हसले,
हसताना जोर येतो.

आता तीन उशा.
नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून,
बादली उचलायची नाही, कुंथायचं नाही.
चवथीला सगळे माटोळीखाली वाकले,
मी उभ्यानेच हात जोडले.
एवढं मोठं नाक असलेल्या देवाला
समजावून सांगायची गरज वाटली नाही.

सुलक्षा ब्लाउज घेऊन गेली,
बाही छान बसलीय म्हणाली.
डाग पडलाच नव्हता, मग सांगू काय?
तरी ती आरतीला हात उंचावते तेव्हा
माझी नजर तिच्या काखेच्या शिवणीशी जाते.
तिथेच कुठेतरी पडला होता.